भाऊबीजेच्या ओवाळणीत बिटकॉइन द्यायचा असेल तर

ओवाळणीच्या ताटात नोटांचं पाकीट ठेवलं की भावाचं काम संपतं. बिटकॉइनच्या बाबतीत ते तिथून सुरू होतं. बहिणीकडे तो ठेवायला जागा हवी, ती जागा तिच्या एकटीच्या ताब्यात हवी, आणि उद्या विकायचा झाला तर विवरणपत्रात काय लिहायचं हे तिला कळायला हवं. यातलं एक जरी राहिलं तरी भेट वर्षा-दोन वर्षांत एकतर हरवते, नाहीतर डोक्याला ताप होते. म्हणून आधी माणूस, मग रक्कम, मग पद्धत असा क्रम ठेवा. खालचे करनियम भारतात राहणाऱ्यांसाठी आहेत. परदेशातल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलं आहे.

कुणाला द्यायचा, कुणाला नको

ज्या व्यक्तीचा स्वतःचा ईमेल आहे, जी पासवर्ड दुसऱ्याला विचारून टाकत नाही आणि आलेला ओटीपी कुणालाही वाचून दाखवत नाही, तिला द्यायला हरकत नाही. घरातल्या ज्येष्ठांना, विशेषतः एकटं राहणाऱ्यांना, देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. खोट्या पोलिसांचा व्हिडिओ कॉल आला आणि घाबरून नाणी पाठवली गेली, तर बँकेला फोन करून व्यवहार थांबवण्याची सोय इथे नाही. एकदा नोंदला गेलेला व्यवहार कुणीच उलटवू शकत नाही. अठरा वर्षांखालच्या भाच्या-पुतण्यांना भारतीय एक्स्चेंजवर (अशी नाणी घ्यायच्या-विकायच्या ॲपवर) खातं मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी हा मार्ग सध्या बंद समजा.

किती आणि कोणतं नाणं

अख्खा बिटकॉइन घ्यावा लागतो हा गैरसमज अजून बराच आहे. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात आणि त्या प्रत्येक भागाला सातोशी म्हणतात. बिटकॉइन ८० लाख रुपयांना धरला, तर ५,००० रुपयांत ६२,५०० सातोशी येतात.

पूर्ण बुडाली तरी दोघांच्या नात्यात कुरबुर होणार नाही, एवढीच रक्कम द्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या आसपास होता, वर्षभरानं तो १६,००० डॉलरच्या खाली आला होता. त्या दिवाळीला मिळालेली भेट पुढच्या दिवाळीला जवळपास एक-तृतीयांश उरली होती. भेट देतानाच हे आकडे सांगून टाका.

नाणं निवडताना बिटकॉइन किंवा फार तर इथर (इथेरियम नेटवर्कचं नाणं) घ्या. गमतीच्या नावांची नाणी भेट म्हणून देऊ नका. तुमचा अंदाज चुकला तर नुकसान दुसऱ्याच्या पदरात पडतं. यूएसडीटीसारखं डॉलरला बांधलेलं नाणं भेट म्हणून निरर्थक आहे. त्याचा भाव फारसा वाढत नाही, पण रुपया घसरून जो काही फायदा दिसेल त्यावर कर मात्र तोच लागतो. आणि ऑनलाइन दुकानांत मिळणारं सोनेरी मुलाम्याचं 'बिटकॉइन' नाणं हे निव्वळ शोभेचं आहे, त्यात बिटकॉइन नसतो. ताटात ठेवायला काहीतरी दिसतं हवं असेल तर ते जरूर ठेवा.

सगळ्यात सरळ मार्ग: तिचंच खातं, तिचीच खरेदी

दहा-पंधरा हजारांपर्यंतच्या भेटीसाठी हीच पद्धत वापरा. तुम्ही पैसे द्यायचे आणि तिनं स्वतःच्या खात्यातून नाणं घ्यायचं.

खातं भाऊबीजेच्या किमान आठवडाभर आधी उघडायला सांगा. पॅन, आधार, सेल्फी आणि तिच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. बहुतेक वेळा अडतं ते नावापाशी: पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत फक्त आद्याक्षरं. तिन्हींत नाव एकसारखं नसेल तर पडताळणी लटकते आणि सणाच्या दिवशी पैसे टाकता येत नाहीत.

एक्स्चेंज निवडताना ते फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदलेलं आहे का हे पाहा. ७ मार्च २०२३ पासून हे व्यवसाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले आहेत आणि ही नोंदणी त्यांना बंधनकारक आहे. मात्र नोंदणी म्हणजे हमी नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण असतं, एक्स्चेंजवरच्या नाण्यांना ते नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे दीर्घकाळ अडकून पडले.

दुसरी गोष्ट खातं उघडण्याआधीच तपासा: त्या ॲपवरून नाणी बाहेरच्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाणी स्वतःच्या ताब्यात ठेवायच्या ॲपमध्ये किंवा यंत्रात, पाठवता येतात का? काही ठिकाणी फक्त घ्या आणि विका एवढंच असतं. तिथे घेतलेलं नाणं दुसरीकडे नेता येत नाही, ते विकून रुपयेच काढावे लागतात, आणि विक्री म्हटली की कर आला.

पैसे तुमच्या खात्यातून तिच्या खात्यात यूपीआयनं पाठवा आणि शेरा लिहा: 'भाऊबीज भेट'. मग तिनं तिच्या बँकेतून एक्स्चेंजवर भरायचे. तुमच्या खात्यातून थेट तिच्या एक्स्चेंज खात्यात भरलेले पैसे नाव जुळत नाही म्हणून परत फिरतात. खरेदीची पावती पीडीएफमध्ये उतरवून तिला ईमेल करायला सांगा. एक्स्चेंज बंद पडलं तर खरेदीची किंमत सिद्ध करायला तिच्याकडे तेवढंच उरतं.

शेअर बाजारासारखा मुहूर्ताचा सौदा इथे नसतो. हा बाजार रात्रंदिवस चालू असतो, त्यामुळे ताटातलं निरांजन पेटवूनही खरेदी करता येते.

तिच्या फोनवरचं वॉलेट

नाणी एक्स्चेंजवर न ठेवता तिच्या पूर्ण ताब्यात द्यायची असतील तर वॉलेट लागतं. बिटकॉइनसाठी ब्लूवॉलेटसारखं साधं ॲप पुरतं. ॲप फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्या आणि बनवणाऱ्याचं नाव पाहून घ्या, कारण नामसाधर्म्याची खोटी ॲप्स तिथेही सापडतात.

वॉलेट तयार करताना ते १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवतं. हे शब्द म्हणजेच वॉलेट. फोन हरवला तरी शब्दांवरून नाणी परत मिळतात, आणि शब्द ज्याच्या हाती पडले त्याची नाणी होतात. म्हणून वॉलेट तिनं, तिच्या फोनवर, तिच्या हातानं तयार करायचं. 'मी सगळं करून देतो' म्हणणाऱ्या भावाला ते शब्द माहीत होतात आणि उद्या नाणी गेली तर पहिली शंका त्याच्यावरच येते. तुम्ही आधीच करून ठेवलं असेल, तर तिनं स्वतःचं नवं वॉलेट उघडून सगळी रक्कम तिकडे पाठवावी. नुसते तेच शब्द नव्या फोनमध्ये टाकून उपयोग नाही, कारण जुन्या शब्दांची प्रत तुमच्याकडे राहतेच.

शब्द कागदावर क्रमांक घालून लिहा: १ ते १२. मोबाईलचा फोटो, स्क्रीनशॉट, स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सॲप, ईमेलचा मसुदा, यांपैकी काहीही चालत नाही, कारण ते सगळं कुठल्या ना कुठल्या क्लाउडवर जातं. जेल पेन वापरू नका. मुंबईत किंवा कोकणात एका पावसाळ्यात ती शाई पसरते. बॉलपेन किंवा पेन्सिलनं दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. शब्दांची यादी २,०४८ शब्दांची आणि ठरलेली असते, तीत प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. त्यामुळे पुढची अक्षरं पुसली तरी शब्द सापडतो, पण क्रम पुसला तर फार कठीण जातं.

मोठी रक्कम येण्याआधी एक चाचणी घ्या. थोडे सातोशी पाठवा, वॉलेटचं ॲप फोनवरून काढून टाका, पुन्हा टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून वॉलेट परत आणा. शिल्लक दिसली तर कागद बरोबर आहे. ही चाचणी न करता ठेवलेला कागद बरोबर आहे की नाही हे नेमकं फोन बिघडल्यावर कळतं.

पाठवताना काय बिघडतं

नाणी वॉलेटच्या पत्त्यावर, म्हणजे खाते क्रमांकासारख्या लांब ओळीवर, पाठवतात. बिटकॉइनचा नवा पत्ता 'बीसी१' नं सुरू होतो, जुने पत्ते १ किंवा ३ नं. इथेरियमचा पत्ता शून्य आणि एक्सनं सुरू होतो आणि एकूण ४२ अक्षरांचा असतो. घोटाळा होतो तो इथे: इथेरियम, पॉलिगॉन आणि बीएनबी या तिन्ही नेटवर्कवर पत्ता एकसारखाच दिसतो. एक्स्चेंजवरून पाठवताना स्वस्त फी पाहून भलतंच नेटवर्क निवडलं तर नाणी समोरच्या वॉलेटमध्ये दिसत नाहीत. समोर स्वतःचं वॉलेट असेल तर योग्य नेटवर्क जोडून ती परत मिळतात. समोर एक्स्चेंजचं खातं असेल तर त्यांच्या मर्जीवर असतं. एक्सआरपीसारख्या नाण्यांना पत्त्याबरोबर टॅगचा आकडाही लागतो, आणि तो विसरला की नाणी एक्स्चेंजच्या सामाईक पत्त्यात जाऊन पडतात.

पत्ता नेहमी क्यूआर कोडवरून घ्या आणि पहिली सहा व शेवटची सहा अक्षरं डोळ्यांनी ताडून पाहा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलू नका. तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखी सुरुवात आणि शेवट असलेला खोटा पत्ता त्या यादीत घुसवण्याची युक्ती चोर सर्रास वापरतात. पाठवताना एक्स्चेंज समोरचं वॉलेट कुणाचं हेही विचारतं. जे खरं आहे तेच लिहा, 'माझंच' असं ठोकून देऊ नका.

इथेरियमवरचं टोकन (त्याच नेटवर्कवर चालणारं दुसरं नाणं) देणार असाल तर सोबत थोडं इथरही द्या. कुठलंही टोकन हलवायला फी इथरमध्येच भरावी लागते. नुसतं टोकन मिळालेली व्यक्ती ते पाहू शकते, पाठवू शकत नाही.

फीचं गणित करूनच रक्कम ठरवा. बिटकॉइनमध्ये फी रकमेवर नसून व्यवहाराच्या आकारावर असते. साधा व्यवहार सुमारे १४१ व्हर्च्युअल बाइटचा असतो. दर बाइटला १० सातोशी असा भाव असेल तर १,४१० सातोशी लागतात, म्हणजे ८० लाखांच्या बिटकॉइनला सुमारे ११३ रुपये. ५०० रुपयांच्या भेटीत हे परवडत नाही. एक्स्चेंज तर बहुधा स्वतःची ठरावीक, यापेक्षा जास्त फी घेतं आणि किमान रकमेची अटही घालतं.

दरवर्षी थोडा थोडा देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: वॉलेटमध्ये आलेला प्रत्येक तुकडा वेगळा राहतो आणि खर्च करताना प्रत्येकाचा सुमारे ६८ बाइट भार पडतो. दहा तुकडे एकत्र पाठवायचे तर व्यवहार ७५० बाइटच्या आसपास जातो आणि त्याच भावानं सुमारे ६०० रुपये लागतात. त्यामुळे पाचशे-पाचशेचे दहा तुकडे वॉलेटमध्ये पाठवण्यापेक्षा ते एक्स्चेंजवर साठू द्या आणि एकदाच बाहेर काढा.

बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे व्यवहार नोंदणारा गठ्ठा, सरासरी १० मिनिटांनी येतो. ही सरासरी आहे, कधी पाऊण तासही लागतो. सहा ब्लॉक झाले की व्यवहार पक्का मानतात. म्हणून ओवाळणीच्या वेळी सगळ्यांसमोर पाठवायला जाऊ नका. आदल्या दिवशी पाठवा.

हार्डवेअर वॉलेट

हे वॉलेटचं काम करणारं छोटं वेगळं यंत्र असतं. भेट पन्नास हजारांच्या पुढे असेल तरच याचा विचार करा, नाहीतर यंत्रच भेटीपेक्षा महाग पडतं. ट्रेझर किंवा लेजर अशा कंपनीचं यंत्र थेट तिच्याकडून किंवा तिच्या संकेतस्थळावर नाव असलेल्या विक्रेत्याकडून घ्या. वापरलेलं घेऊ नका. खोक्यात आधीच शब्द छापलेलं कार्ड निघालं तर ती फसवणूक आहे. शब्द यंत्रानं स्वतः, पहिल्यांदा सुरू केल्यावर, पडद्यावर दाखवायचे असतात. खोकं तिला बंदच द्या आणि सुरुवात तिलाच करू द्या. लेजरवर तीनदा पिन चुकला की यंत्र कोरं होतं. नाणी जात नाहीत, शब्दांवरून परत येतात, पण हे आधी सांगितलं नसेल तर ती घाबरून जाईल. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची नावं आणि पत्ते फुटले होते, त्यानंतर त्यांना कंपनीच्या नावानं खोटे मेल आणि पत्रं जाऊ लागली. कंपनी शब्द कधीच विचारत नाही, हे वाक्य तिच्याकडून पाठ करून घ्या.

वॉलेटची गुप्त किल्ली कागदावर क्यूआर म्हणून छापून द्यायची जुनी पद्धत सोडून द्या. प्रिंटरच्या स्मृतीत प्रत राहते, आणि त्यातली थोडीच रक्कम काढायला गेलं तर उरलेली कुठे गेली हे नवख्याला कळत नाही.

कर: इथेच जास्त लोक चुकतात

भेट देणाऱ्याला मोबदला मिळत नाही, म्हणून त्याला उत्पन्न नाही आणि १% टीडीएसही नाही. प्रश्न घेणाऱ्याचा असतो. ठरलेल्या नातेवाइकांकडून आलेल्या भेटीवर, रक्कम कितीही असो, कर नाही. इतरांकडून मिळालेल्या अशा भेटींची किंमत आर्थिक वर्षात सगळ्यांची मिळून ५०,००० रुपयांवर गेली, तर फक्त वरची नव्हे, पूर्ण रक्कम करपात्र होते. किंमत मिळालेल्या दिवसाच्या बाजारभावानं धरतात.

आता आयकर खात्याचे नातेवाईक कोण? नवरा-बायको, सख्खी भावंडं, जोडीदाराची भावंडं, आईवडिलांची भावंडं म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी, दोन्हीकडची थेट वरची आणि खालची पिढी, आणि या सगळ्यांचे जोडीदार. चुलत, मामे, आते, मावस भावंडं यात नाहीत. आपल्याकडे चुलत बहीणही ओवाळते आणि तिला सख्ख्या बहिणीसारखीच ओवाळणी मिळते, पण आयकराच्या हिशेबात ती मित्रमंडळींच्या रांगेत. आणखी एक तिढा: मामानं भाचीला दिलेली भेट करमुक्त आहे, भाचीनं मामाला दिलेली नाही. लग्नातल्या भेटींना पूर्ण सूट आहे, ती सूट दिवाळीला किंवा वाढदिवसाला लागू नाही.

पाडव्याला बायकोला देणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे. भेट करमुक्त आहे, पण तिनं नाणं विकून कमावलेला नफा नवऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. नाण्याऐवजी पैसे दिले आणि त्यातून तिनं नाणं घेतलं तरी तेच. सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलं तर नफा सासू किंवा सासरे, ज्यांनी दिलं त्यांच्या उत्पन्नात जातो.

विकताना नफ्यावर ३०% कर आणि त्यावर ४% उपकर. ५,००० चं नाणं ९,००० ला विकलं तर नफा ४,०००, कर १,२०० आणि उपकर ४८, एकूण १,२४८ रुपये. तिचं बाकी उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी हा दर सुटत नाही. वजावट फक्त खरेदी किमतीची मिळते. नेटवर्क फी किंवा वॉलेटच्या यंत्राची नाही. बिटकॉइनमधला तोटा इथरच्या नफ्यातूनही वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. एक्स्चेंज विक्रीच्या रकमेवर १% टीडीएस कापतं, तो तिच्या पॅनवर आयकर खात्याच्या करकपातीच्या नोंदीत दिसतो आणि विवरणपत्रात परत मागता येतो. विक्री केली त्या वर्षी सोपा आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ किंवा ३ मध्ये शेड्यूल व्हीडीए, म्हणजे अशा आभासी डिजिटल मालमत्तेचा तक्ता, भरावा लागतो. भेट मिळालेल्या नाण्याची खरेदी किंमत म्हणून, भेटीवर कर भरला असेल तर ती करपात्र धरलेली रक्कम, नाहीतर देणाऱ्यानं मोजलेली किंमत लिहायची असते. म्हणजे तुमची खरेदीची पावती तिच्याकडे नसेल तर तिला पूर्ण विक्रीच्या रकमेवर कर भरायची पाळी येऊ शकते.

(१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून इथे क्रमांक दिलेले नाहीत.)

पाकिटात काय ठेवायचं

साध्या कागदावर, तुमच्या सहीचं पत्र: कुणी कुणाला दिलं, नातं काय, तारीख, नाण्याचं प्रमाण आठ दशांश स्थळांपर्यंत, त्या दिवशीची रुपयांतली किंमत, तुमची खरेदीची तारीख आणि किंमत, आणि नाणी पाठवली असतील तर व्यवहाराचा आयडी. दोघांचे पॅन लिहिले तर उत्तम. तिची सहीही घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. शब्दांचा कागद या पाकिटात ठेवू नका. हे पत्र सीएला दाखवायचं असतं, शब्द कुणालाच दाखवायचे नसतात.

पत्ता किंवा क्यूआर कोड कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पत्ता ज्याच्या हाती पडला त्याला तिथली शिल्लक आणि सगळे व्यवहार दिसतात. 'दादानं बिटकॉइन दिला' अशी पोस्ट समाजमाध्यमांवर गेली की 'गुंतवणूक सल्लागार' मेसेज करू लागतात.

परदेशातून किंवा परदेशात

न्यू जर्सीतल्या भावानं पुण्यातल्या बहिणीला द्यायचं असेल तर नाणं न पाठवता बँकेतून डॉलर पाठवावेत आणि तिनं इथल्या एक्स्चेंजवर घ्यावं. परकीय चलन कायद्यात सीमेपलीकडच्या क्रिप्टो भेटींबद्दल स्पष्ट वाट आखलेली नाही, पैशांच्या भेटीला ती आहे. त्याच कारणानं इथून तिकडे नाणी पाठवणंही टाळा.

दोघंही अमेरिकेत असतील तर २०२५ साठी एका व्यक्तीला १९,००० डॉलरपर्यंतच्या भेटीची नोंद द्यावी लागत नाही. त्यावर गेलं तर देणाऱ्यानं फॉर्म ७०९, म्हणजे भेटकराचं विवरणपत्र, भरायचा. नफ्यातलं नाणं घेणाऱ्याकडे देणाऱ्याच्याच खरेदी किमतीनं जातं. ब्रिटनमध्ये उलट आहे: जोडीदार सोडून इतर कुणालाही नाणं भेट दिलं की ते बाजारभावानं विकल्यासारखंच धरतात आणि भांडवली नफ्याचा हिशेब देणाऱ्याच्या नावावर लागतो. लंडनमधल्या भावानं जुना, खूप वाढलेला बिटकॉइन देण्याऐवजी पौंड द्यावेत.